उमेदवाराचे देवघर

(साताऱ्यातील एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापला आहे, ‘उमेदवाराची धर्मश्रद्धा आणि मतदार’. विषय जपून मांडा, असे संयोजकांनी फोनवर बजावले होते. जपूनच मांडतो, पण माझे मत पोटात राहत नाही, तेव्हा ते आधीच सांगून मोकळा होतो. उमेदवार कोणत्या देवाला हात जोडतो याच्याशी मतदाराला कर्तव्य नाही. ते हात पुढे विधानसभेत कशासाठी वर होतात, याच्याशी आहे.

घटना, धर्मनिरपेक्षता, पंचविसावे कलम हे तुम्हाला पाठ आहे. त्यात वेळ घालवत नाही. उमेदवारी अर्ज तेवढा बघा. प्रतिज्ञापत्रात खटले, जमीन, कर्ज, शिक्षण, बायकोच्या अंगावरचे सोनेसुद्धा लिहावे लागते. धर्माचा रकाना नाही. शपथही ‘ईश्वरसाक्ष’ घ्या नाहीतर ‘गांभीर्यपूर्वक’, दोन्ही चालतात. अपवाद अनुसूचित जातींसाठीच्या राखीव जागांचा. आपले फलटण घ्या, तिकडचे मिरज घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींत फक्त हिंदू धरले. शीख १९५६ ला आत आले, बौद्ध १९९० ला. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेला दलित अजून बाहेरच. म्हणजे एका दारावर धर्म विचारला जातोच. हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पुढच्या वर्षी बोलावलेत तर. (हशा)

आता माझ्या मताला दाखला, क्रांतिसिंह नाना पाटलांचा. दोन मिनिटांत आटोपतो.

येडे मच्छिंद्रचा हा माणूस तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या चळवळीत उतरला. वळण सत्यशोधकी. इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या त्यांच्या प्रतिसरकारच्या काळात गावोगाव गांधी-लग्ने लागली. बँड नाही, मानपान नाही, हुंडा नाही. पोरीच्या लग्नापायी जिथे बापाचे वावर सावकाराच्या घशात जायचे, तिथे हे केवढे काम! आमच्या एका चुलत आजीचे लग्न तसेच लागले. गळ्यात सुताचे हार, पाहुण्यांना गूळ-शेंगदाणे, आणि अक्षतांआधी तासभर भाषण. तिची सासू जन्मभर ऐकवायची, “तुझं लगीन झालं का नुसती सभाच झाली गं?” (हशा) आजी सांगायची, “सभा झाली, पण बाबाचं रान राहिलं.” (टाळ्या) त्या रानात आजही ऊस आहे.

तर हे नाना १९५७ ला साताऱ्यातून लोकसभेला उभे राहिले, कम्युनिस्ट पक्षाकडून. मार्क्सने धर्माला अफू म्हटले होते. आणि मतदार कोण? आषाढीला पायी जाणारे, पालीच्या खंडोबाचा भंडारा कपाळी लावणारे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. त्या माळकऱ्यांनी नानांच्या पेटीत मते टाकली आणि त्यांना दिल्लीला धाडले. दहा वर्षांनी बीडनेही तेच केले.

(श्रोत्यांतून : “तेव्हा लाट होती!”)

होती ना! संयुक्त महाराष्ट्राची लाट. तिकडे कराडात यशवंतराव चव्हाणांची दमछाक झाली ती त्याच लाटेत. मी तेच म्हणतो आहे. लोकांच्या हातात खरा प्रश्न असला की उमेदवाराच्या देवघरात कोणी डोकावत नाही. पाणी, भाव, नोकरी यांवर बोलायला तोंड उरले नाही, की देवघराचे दार उघडते. आणि नुसत्या धर्मावरून माणूस कळतो कुठे? मुख्यमंत्री अंतुले मुसलमान, पण कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड त्यांनीच केले.

मागे कोणीतरी मान हलवताहेत. मी देवाविरुद्ध बोलत नाही हो. गणपती आमच्याकडेही बसतो, दीड दिवसाचा का होईना.

कायदा काय म्हणतो ते भरभर सांगतो. १९८७ च्या डिसेंबरात विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली. धर्माच्या नावाने मते मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभूंची निवड रद्द झाली. ते सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ ला कायम केले आणि पुढे त्या प्रचारातल्या भाषणांपायी बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताधिकार सहा वर्षे गेला. प्रभूंच्या निकालाच्याच दिवशी, तशाच आरोपातून, मनोहर जोशींची निवड मात्र टिकली. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले, की मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. हे सगळे मागणाऱ्यावरचे बंधन. देणाऱ्याच्या मनाला कायदा कुलूप घालू शकत नाही, घालूही नये. म्हणून तर तुमच्याशी बोलावे लागते.

(चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे. बरे.)

आता दुसरी बाजू. श्रद्धा विचारायचीच नाही, असे मी म्हणत नाही. आपल्या गावचे डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोण्याविरुद्ध कायदा मागत होते. कायदा झाला तर वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल, अशी आवई उठली. आमदारांनी हात आखडता घेतला. वर्षे गेली. २० ऑगस्ट २०१३ ला डॉक्टरांचा पुण्यात खून झाला आणि आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा. वारी, हरिपाठ, कीर्तन यांना तो लागू नाही, असे त्यातच लिहिले आहे. मग इतकी वर्षे अडले कशावर? तिथे आमदाराची श्रद्धा, किंवा श्रद्धाळूंची त्याला वाटणारी भीती, आपल्या सगळ्यांच्या कामाची होती. ती आधी विचारायला हवी होती. आपण विचारली नाही.

वेळ संपली. प्रचाराचा नारळ उमेदवाराने हव्या त्या देवळात फोडावा. दारात आला की एवढेच विचारा : तुमच्याच श्रद्धेच्या लोकांनी दबाव आणला आणि समोर सगळ्यांच्या हिताचा कायदा असला, तर मत कोणीकडे? उत्तर तारीख घालून लिहून ठेवा. विधिमंडळाचे कामकाज छापून निघते. पाच वर्षांनी दोन्ही कागद शेजारी ठेवा, आणि मग मत द्या.

मी दहा मिनिटे जास्त घेतली. ती अध्यक्षांच्या भाषणातून वजा होणार, तेव्हा क्षमा त्यांची मागतो. (टाळ्या)