बाबांची गोळी आणि प्लेटलेट्सची हाक

आजचा विषय माझ्या घरातलाच आहे. गेल्या महिन्यात दाढी करताना बाबांना कापलं आणि रक्त लवकर थांबेना. वैतागून म्हणाले, "ही रक्त पातळ करायची गोळी उद्यापासून बंद!" त्यांना स्टेंट बसवलेला आहे. मी घाबरलो आणि वाचायला बसलो.

रक्तवाहिनीला जखम झाली की तिच्या भिंतीतलं कोलॅजन उघडं पडतं. रक्तातल्या प्लेटलेट्स तिथे चिकटतात. एरवी चपट्या गोल असतात, त्या आता काटेरी होतात आणि थ्रॉम्बॉक्सेन, एडीपी अशी रसायनं सोडून बाकीच्यांना हाका मारतात. फायब्रिनोजेन त्यांना एकमेकींशी बांधतं, वर फायब्रिनची जाळी बसते. झाली गुठळी!

ॲस्पिरिन रक्त पातळ करतच नाही. ते थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं एन्झाइम कायमचं बंद पाडतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला ते पुन्हा बनवता येत नाही. आमच्या भाषेत, पॅच नाही! ती ७ ते १० दिवस जगते, तोवर तशीच. पण रोज नव्या प्लेटलेट्स तयार होतात, म्हणून गोळीही रोज.

गालावरची गुठळी रक्त थांबवते. तीच स्टेंटमध्ये झाली तर हार्ट अटॅक. बाबांना हे समजावलं, डॉक्टरांना फोन लावून दिला. गोळी चालू आहे, दाढी आता ट्रिमरने!

तुमच्या घरी कुणी गोळी सोडायचं म्हणत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायला लावा. भेटू पुढच्या भागात.