कळ कोणाच्या हाती?



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका वयोवृद्ध स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, "शाळांना साध्या वर्गखोल्या पुरत नाहीत, आणि तुम्ही ही इंद्रियांची खोली कुठली काढलीत?" प्रश्न रास्त आहे. आजचे बोलणे म्हणजे त्याचेच उत्तर समजा.

ज्यांच्यासाठी ही खोली, त्या मुलांकडे आधी पाहू. आमच्या परिचयाच्या एका घरात आठ वर्षांचा मुलगा आहे. मिक्सर सुरू झाला की तो कानांवर हात घेऊन पलंगाखाली शिरतो. शाळेची घंटा झाली की किंचाळतो. गणवेशाची शिवण टोचते म्हणून सदरा काढून टाकतो. झोपाळ्यावर मात्र तासभर शांत बसतो. शेजारी म्हणतात, लाडाने बिघडला. शाळेने सांगितले, सध्या घरीच ठेवा. आईला वाटते, आपलेच कुठे चुकले. खरे पाहता चूक कोणाचीच नाही. आपल्याला जो आवाज कानाआड करता येतो, तो त्याला करता येत नाही, एवढेच.

स्वमग्नतेचे वर्णन लिओ कॅनर यांनी अमेरिकेत 1943 साली अकरा मुलांवरून केले. मोठ्या आवाजांची या मुलांना वाटणारी भीती त्यांनी तेव्हाच टिपली होती. पण इंद्रियांच्या या वेगळेपणाला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथातील निकषांत जागा मिळाली ती 2013 साली. मधल्या सत्तर वर्षांत किती मुले 'हट्टी' ठरून मार खात राहिली असतील, याचा हिशेब कोण देणार?

आपण पाच ज्ञानेंद्रिये मोजतो. त्यांत आणखी दोन जाणिवा मिळवाव्या लागतात. एक तोलाची, जी कानाच्या आतल्या भागात असते. दुसरी सांध्यांची व स्नायूंची, जिच्यामुळे अंधारातही आपला हात कोठे आहे हे कळते. कोणा मुलाला यांतले काही फार तीव्र जाणवते, कोणाला फार मंद. ज्याला मंद जाणवते तो गरगर फिरतो, भिंतीवर अंग आदळतो, दिसेल ते तोंडात घालतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक मुलांतही हे आढळते.

अशा मुलांसाठी हॉलंडमधील एडे गावच्या 'हार्टेनबर्ग' या संस्थेत 1970 नंतरच्या दशकात यान हुल्सेगे आणि आद व्हेरहूल यांनी एक वेगळी खोली रूढ केली. मंद उजेड, पाण्यात बुडबुडे उठणारी रंगीत नळी, मऊ गाद्या, हलके संगीत. हुंगणे आणि डुलकी घेणे या अर्थाचे दोन डच शब्द जोडून तिला 'स्नूझेलेन' असे नाव पडले. आज तशा खोल्या जगभर आहेत.

आता आपल्या सातारा-सांगलीचे पाहू. एखाद्या दानशूर गृहस्थाने उद्या शाळेला अशी खोली बांधून दिली, फीत कापली, छायाचित्र निघाले, की काम झाले काय? आमचे उत्तर नाही असे आहे. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी 41 स्वमग्न मुलांना अशा खोलीत नेऊन पाहिले; त्यांचे निष्कर्ष 2022च्या सुमारास प्रसिद्ध झाले. उजेड, आवाज यांच्या कळा मुलांच्या स्वतःच्या हाती दिल्या तेव्हा त्यांचे लक्ष अधिक लागले आणि तेच ते हातवारे व उच्चार कमी झाले. उपकरणे तीच, खोली तीच. फरक पडला तो कळ कोणाच्या हाती याने.

श्रोतेहो, आज सांगावयाचे ते एवढेच आहे. जगाचा आवाज आणि उजेड ज्याच्यावर सतत लादला जातो, त्या मुलाला तो कमीजास्त करण्याची सत्ता अर्धा तास तरी मिळावी. म्हणून ही खोली शिक्षेची कोठडी होता कामा नये, तिला बाहेरून कडी असता कामा नये, आणि 'आधी पाढे म्हण, मग खोलीत जा' असे तिचे आमिषही होता कामा नये. या खोलीने स्वमग्नता नाहीशी होते असे कोणी सांगेल तर विश्वास ठेवू नका. बाईंनी वही ठेवावी: कोणत्या मुलाला काय सोसत नाही, कशाने तो स्थिरावतो. ती वही नसेल तर लाखाची खोलीही अडगळ होते.

आणि वही असेल तर लाख रुपये लागत नाहीत. आढ्याला पक्का बांधलेला झोपाळा, आजीची जड गोधडी, परातीत शाळूचे दाणे, खिडकीला जाड पडदा, मिरजेच्या तंबोऱ्याचा संथ स्वर. एकाला गोधडी आवडेल, दुसऱ्याला तिचा स्पर्शही नकोसा होईल; ते मुलालाच ठरवू द्यावे, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला मिळेल तेथे जरूर घ्यावा. ताराबाई मोडकांनी बोर्डीला 1945 साली आणि पुढे कोसबाडला हेच केले. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने मुलांच्या हाती दिली.

येथेच आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. माँटेसरीबाईंनी इंद्रियशिक्षणाची पद्धत प्रथम बुद्धीने मागे पडलेल्या मुलांबरोबर काम करताना घडविली. 1907 साली रोममध्ये ती इतर मुलांपर्यंत नेली. म्हणजे आपल्या नातवंडांच्या बालवाड्या या मुलांच्या ऋणात आहेत. एक खोली दिली तर तो उपकार नव्हे, परतफेड आहे.

2016च्या अपंग हक्क कायद्याने या मुलांना शाळेचा अधिकार दिला. पण कायदा दारापर्यंत आणतो. आत मुलाला बसवेल असे करणे आपल्या हाती आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी 1924 साली सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. ज्याला बाहेर ठेवले त्याला आत घेणे ही येथली जुनी रीत आहे. आणि खोलीबाहेरचे काय? मिरवणुकीतील भिंतीएवढ्या कर्ण्यांची कळ तर आपल्याच हाती आहे ना?

आज घरी जाताना वाटेत एखादे मूल कानांवर हात ठेवून रडताना दिसले, तर त्याच्या आईकडे रोखून पाहू नका. थोडे बाजूला व्हा, वाट द्या. तेवढी जागा म्हणजेही त्याच्यापुरती एक खोलीच आहे.