जुना डेस्कटॉप, नवी डिस्क
(युवा कार्यशाळेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘डिजिटल साक्षरता’ हा विषय दिलाय. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काम करणारा माणूस आहे, म्हणून मी त्यातल्या एकाच कामाबद्दल बोलणार आहे : जुन्या डेस्कटॉपमध्ये नवी डिस्क बसवणं.

एवढा लहान विषय का? आपल्या अनेक घरांत स्मार्टफोन असतो, पण तो अब्बांच्या नाहीतर भावाच्या खिशात. बहिणीला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा असेल तर सायबर कॅफे गाठावा लागतो, आणि अंधार पडला की तोही रस्ता बंद. त्याच घरात माळ्यावर पंधरा वर्षांचा डेस्कटॉप धूळ खात पडलेला असतो. विचारलं तर सांगतात, ‘खराब झालाय, फार स्लो चालतो.’ खराब आणि स्लो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

2008-10च्या सुमाराचं कोअर टू डुओ मशीन घ्या. फॉर्म भरणं, मराठी टायपिंग, पीडीएफ वाचणं यासाठी त्याचा प्रोसेसर आजही पुरतो. अडतं ते बहुतेक वेळा हार्ड डिस्कपाशी. तिच्यातली तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, आणि प्रत्येक तुकडा शोधायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. कॉम्प्युटर सुरू होताना असे हजारो तुकडे शोधावे लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हा शोध जवळपास शंभरपट लवकर होतो. रॅम मात्र बघून घ्या. ती 2 जीबीपेक्षा कमी असेल तर आधी ती वाढवावी लागेल.

आता कामाचा क्रम. नवी डिस्क विकत घेण्याआधी जुनीत काय आहे ते बघा. दादीचे फोटो असतील, शाळेचे दाखले, निकाहनाम्याचं स्कॅन, घराचे कागद असतील. ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि तिथून एकेक फाइल उघडून खात्री करा. जुनी डिस्क टक-टक आवाज करत असेल तर तिला पुन्हा पुन्हा चालू करू नका, प्रत्येक वेळी नुकसान वाढू शकतं. महत्त्वाचा डेटा असेल तर जाणकाराकडे न्या.

मग पॉवर केबल काढून कॅबिनेट उघडा. रुंद, चपटी, 40 पिनांची पट्टी दिसली तर ते आयडीई. बारीक, 7 पिनांची केबल दिसली तर साटा. साटा असेल तर काम सोपं आहे. नवी डिस्क 6 गिगाबिटची आणि जुना पोर्ट 3 गिगाबिटचा असला तरी दोघांचं जमतं. कमाल वेग निम्म्यावर येतो, पण तुकडे लवकर सापडण्याचा फायदा तसाच राहतो. अगदी सुरुवातीच्या काही साटा बोर्डांना मात्र नवी डिस्क दिसतच नाही. म्हणून दुकानदाराला आधीच विचारा, ‘नाही चालली तर परत घ्याल का?’ आणि मागताना ‘अडीच इंची साटा एसएसडी’ असंच म्हणा. पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई डिस्क या मशीनसाठी नाही.

आता डिस्क किती मोठी घ्यायची? जुन्या मशीनची मोजपट्टी एका ठिकाणी संपते. आयडीईच्या काळात सेक्टरचा पत्ता लिहायला 28 बिट होते, म्हणून 137 जीबीच्या पुढचं दिसत नसे. 2002मध्ये नव्या मानकाने ते 48 बिट केले. दुसरी मर्यादा एमबीआर या जुन्या विभागणीची : 2.2 टीबी. जुन्या बायोसवर विंडोज सुरू होण्यासाठी हीच विभागणी लागते. त्यामुळे 240 किंवा 256 जीबीची एसएसडी घ्या, तिच्यावर सिस्टिम टाका. जुनी डिस्क ठणठणीत असेल तर फोटो आणि फाइलींसाठी तशीच राहू द्या.

बसवताना आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. साटाचं कनेक्टर ‘एल’ आकाराचं असतं, एकाच बाजूने बसतं, जोर लावू नका. एसएमपीएसला साटाची पॉवर वायर नसेल तर अडॅप्टर मिळतो. तो अगदी स्वस्तातला, प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला घेऊ नका. त्यात शॉर्ट होऊन वायर जळू शकते.

बायोसमध्ये नवी डिस्क पहिली ठेवा. नव्याने सिस्टिम टाकत असाल तर त्याआधी साटाचा मोड एएचसीआय करा. जुनी विंडोज जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली असेल तर मोडला हात लावू नका, नाहीतर निळा स्क्रीन येऊ शकतो. बोर्डावरचा सीआर 2032 सेलही बदला. तो संपला की मशीन बंद केल्यावर तारीख मागे जाते आणि वेबसाइटी ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो.

सिस्टिम कुठली? विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 लागतं, ते या मशीनमध्ये नसतं. कुणी चोरीची कॉपी टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. आधार आणि बँकेची माहिती आपण त्याच मशीनवर टाकणार असतो. लिनक्स मिंट फुकट आहे, कायदेशीर आहे आणि त्यात मराठी नीट लिहिता येतं.

सगळीच मशीनं वाचत नाहीत. बोर्डावरचे कपॅसिटर फुगले असतील तर पैसे घालू नका. पण ते भंगारवाल्याला देताना डिस्क आत ठेवू नका. नुसतं फॉर्मॅट केल्याने फाइली पुसल्या जात नाहीत. अख्ख्या डिस्कवर नव्याने लिहून ती पुसा, किंवा तबकडीच मोडून टाका. बाकीचं सामान ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. तांब्यासाठी वायर जाळली की तो धूर गल्लीतली मुलंच श्वासातून घेतात.

माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर माळ्यावरचा डेस्कटॉप खाली उतरवा आणि त्याची केबल कुठली आहे ते बघून मला सांगा. दुरुस्त झाला की तो बैठकीत शोभेला ठेवू नका, बहिणीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवा. आणि झाकण उघडताना स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात द्या.