पालथं पडणारं घड्याळ

घड्याळं जमवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. किती आहेत आणि सगळी चालतात का? माझ्याकडे त्रेसष्ट आहेत आणि त्यातली निम्मीच चालतात. बहुतेक एचएमटीची, रोज चावी द्यायची. काही पुण्याच्या जुन्या बाजारात पोत्यावर ओतलेल्या ढिगातून उचललेली. तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, म्हणून आज मीच सांगतो. जे माझ्याकडे नाही आणि जे मिळालं तर बाकीची त्रेसष्ट मी वाटून टाकीन, ते घड्याळ म्हणजे जेगर-लकुल्त्र या स्विस कंपनीचं ‘रिव्हर्सो’.

रेडिओवर घड्याळ दाखवता येत नाही ही पंचाईत आहे. तेव्हा आगपेटी डोळ्यांपुढे आणा. त्याहून लहान, तसाच लांबट चौकोन. तबकडीच्या वर तीन आणि खाली तीन आडव्या रेघा. अंगठ्यानं केस बाजूला ढकलली की ती आपल्या बैठकीत सरकते, मग उचलून पालथी करायची आणि परत आत सारायची. ‘टक्’ असा बारीक आवाज होतो. आता मनगटावर काटे नाहीत, काच नाही, नुसतं गुळगुळीत पोलाद.

ही उठाठेव कशासाठी, याचं उत्तर आपल्या देशात आहे. कंपनी सांगते ती हकीकत अशी : 1930 च्या सुमारास सेझार द त्रे नावाचे स्विस व्यापारी हिंदुस्थानात आले होते. इथले ब्रिटिश लष्करी अधिकारी पोलो खेळत. खेळता खेळता घड्याळाच्या काचा फुटत. फुटलेलं घड्याळ दाखवून एकानं त्यांना विचारलं, पोलोत टिकेल असं काही करता येईल का? द त्रेंनी हा प्रश्न झाक-दाविद लकुल्त्र यांच्यापुढे ठेवला. रने-आल्फ्रेद शोवो या अभियंत्यानं पॅरिसमध्ये 4 मार्च 1931 रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी घड्याळ बाजारात येऊ लागलं. रिव्हर्सो म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी उलटतो’.

मला मौज वाटते ती त्या उत्तराची. दुसऱ्या कुणी काच जाड केली असती, वर जाळी बसवली असती. शोवोनं घड्याळाला तोंड फिरवायला शिकवलं. आमच्या घरी मात्र या कल्पनेचं कौतुक नाही. बायको म्हणते, “पालथं घातलं की वेळ कळत नाही, मग हातात बांधायचं कशाला?” यावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

पोलो खेळणारे असून असून किती असणार? पण घेणाऱ्यांच्या लक्षात आलं की मागची बाजू कोरी आहे. मग तिच्यावर आद्याक्षरं कोरली गेली, लग्नाच्या तारखा आल्या, घराण्यांची चिन्हं आली, मिन्यात रंगवलेली चित्रंही आली. अमेरिकेचे जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या रिव्हर्सोवर त्यांची आद्याक्षरं होती; 2015 मध्ये त्याचा लिलाव झाला. ज्या बाजूवर मार झेलायचा, तिच्यावरच माणसं आपलं नाव घालू लागली. माझ्या संग्रहातल्या एकाही घड्याळाला अशी जागा नाही.

मध्यंतरी हे घड्याळ जवळजवळ संपलंच होतं. गोल घड्याळांची चलती आली, मग सेलवरची क्वार्ट्झ घड्याळं आली आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. 1972 मध्ये जॉर्जो कोर्वो या इटालियन विक्रेत्याला कारखान्यात रिव्हर्सोच्या दोनशे रिकाम्या केस पडून असलेल्या दिसल्या. त्यानं त्या घेतल्या, त्यांत मशीन बसवून घेतली आणि घड्याळं हातोहात गेली. जुन्या बाजारातल्या आमच्यासारख्यांना हा माणूस फार जवळचा वाटतो. पुढे 1985 मध्ये केसची रचना नव्यानं झाली. आता त्या एवढ्याशा डबीचेच पन्नासाहून जास्त सुटे भाग असतात.

नव्या रिव्हर्सोची किंमत कित्येक लाखांच्या घरात आहे, तेव्हा तो विषय सोडा. पण दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका जुन्या घड्याळांच्या दुकानदाराचा निरोप आला. वापरलेलं, पोलादी, चालू. भाव ऐकून वाटलं, एक मुदत ठेव मोडली तर जमेल. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बघून तर या.”

अर्धा तास ते माझ्या हातात होतं. चावी दिली, कानाला लावलं. बैठकीत सरकवलं आणि पालथं केलं. मागे दोन अक्षरं कोरलेली होती आणि खाली तारीख. वापरून वापरून कडा बोथट झालेल्या, पण वाचता येत होत्या. कुणाची, ते दुकानदाराला ठाऊक नव्हतं. माझा चेहरा बघून तो म्हणाला, “काका, काळजी करू नका. पॉलिश मारून साफ करून देतो. मग तुमचं नाव घाला.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मला ते पुसवून घेववेना आणि परक्याची तारीख मनगटावर घेऊन हिंडणंही जमेना. विचार करून सांगतो म्हणालो आणि दादरहून संध्याकाळची गाडी पकडली. लोणावळ्यापर्यंत मी तेच घोकत होतो : अक्षरं तशीच राहू द्यावीत, दिसली तर दिसली, आपण आपले सरळ बाजूनं वेळ बघू. घरी पोचेपर्यंत घ्यायचं नक्की झालं होतं. तरी ठेव मोडायला, खरं सांगायचं तर धीर व्हायला, तीन आठवडे गेले.

फोन केला तेव्हा घड्याळ गेलं होतं. मी विचारलं, “मागची अक्षरं?”

“गिऱ्हाइकानं साफ करून मागितलं,” तो म्हणाला. “एकदम नव्यासारखं झालं, काका. तुम्ही ओळखलं नसतं.”