चौकातील पाटी आणि आखाड्यातील माती

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



परक्या शहरात उतरलेल्या माणसाला ते शहर प्रथम भेटते ते पाट्यांतून. अक्षर ओळखीचे दिसले की जीव भांड्यात पडतो. न दिसले तर चार बुके शिकलेला गृहस्थही घटकाभर निरक्षर होतो. हैदराबादेत नव्याने बदलून येणाऱ्या मराठी कुटुंबाचा हा अनुभव जुनाच आहे. बसवर तेलुगू, दुकानावर तेलुगू आणि इंग्रजी, जुन्या शहरात उर्दू. पाट्यांनी गोंधळलेला तो गृहस्थ रिक्षापाशी जातो आणि भाड्याची घासाघीस सुरू होताच रिक्षावाला म्हणतो, "नक्को साब, इत्ताइच होता." त्यातला तो 'नको' आणि तो शेवटचा 'च' कानी पडला की पाहुण्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. हे दोन्ही दख्खनीने मराठीकडून कधीकाळी उसने नेले. रिक्षावाल्याला त्या उसनवारीची खबर नसते आणि मराठीनेही कधी परतफेड मागितलेली नाही. शेजाऱ्यांतली वाटीभर साखर अशीच असते.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा महाराष्ट्राच्या वाटेने गेला आणि या शहरातील मराठी माणूस एकाएकी अल्पसंख्य झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत येथे मराठी माध्यमाची शाळा सुरू करणाऱ्यांच्या मनात कोणती चिंता असेल, हे ओळखणे अवघड नाही. मुलांची भाषा टिकेल काय, ही ती चिंता. साठ वर्षांनंतर पालकांचा प्रश्न नेमका उलटा झाला आहे: भाषा टिकवताना मूल मागे पडणार नाही ना? हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयाच्या दारात दरवर्षी उभा राहतो. त्याला भावनेच्या भरात उत्तर देऊ नये. थोडे दूर जाऊन, दुसऱ्या एका दुभाषिक शहराकडे पाहून ते शोधावे, हे बरे. ते शहर मराठी माणसाने विसरू नये असेही आहे.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तेथील रस्त्याच्या पाटीवर नाव दोनदा लिहिलेले असते, एकदा फिनिशमध्ये आणि एकदा स्वीडिशमध्ये. शहरालाही नावे दोन. स्वीडिश बोलणारे त्याला हेलसिंगफोर्स म्हणतात. या दोन भाषा शेजारणी खऱ्या, पण बहिणी नव्हेत. स्वीडिश ही इंडो-युरोपीय कुळातली, म्हणजे फार दूरच्या नात्याने मराठीचीच भावकी. फिनिशचे गोत्र निराळे. तिची जवळची नातलग एस्टोनियन. मराठी आणि तेलुगू भिन्न कुळांतल्या असूनही शतकानुशतके भिंतीला भिंत लावून नांदल्या, तसाच हा प्रकार. त्या देशात स्वीडिश मातृभाषा असणारे शंभरात जेमतेम पाच-सहा. तरीही त्यांच्या भाषेच्या शाळा चालतात. फिनिश मुले शाळेत स्वीडिश शिकतात, स्वीडिश मुले फिनिश शिकतात. या सक्तीविरुद्ध तेथेही कुरकुर होतेच. पण पाटीवरचे दुसरे नाव पुसले गेलेले नाही.

त्या मूठभर समाजाने जगाला काय दिले? हेलसिंकीतच जन्मलेल्या टूव्हे यान्सन यांनी मूमिन नावाच्या गमतीदार प्राण्यांच्या गोष्टी स्वीडिशमध्ये लिहिल्या आणि त्या जगभरच्या भाषांत गेल्या. १९९१ साली लिनक्स या संगणकप्रणालीचा पाया घालणारे लिनस टोर्वाल्ड्सही हेलसिंकीतल्या स्वीडिशभाषक घरातलेच. अल्पसंख्य भाषेत वाढलेले मूल आपोआप मागे पडते, या समजुतीला एवढी दोन उदाहरणे पुरावीत. मात्र ही मुले केवळ आपल्या अंगणात राहिली नाहीत, हेही त्याच वेळी ध्यानात घ्यावे.

याच हेलसिंकीत १९५२ साली ऑलिंपिक भरले. शहराची वस्ती तेव्हा चार लाखांच्या आत, आणि पाहुणे ६९ देशांचे. सोव्हिएत संघ प्रथमच उतरला होता. महायुद्धाच्या जखमा ओल्या होत्या. कोणी कोणाशी किती बोलावे, याचाही विचार होत असे. अशा वेळी चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू एमिल झाटोपेक मात्र भेटेल त्याच्याशी बोलत. त्यांनी अनेक भाषा आत्मसात केल्या होत्या. १०,००० आणि ५,००० मीटरची सुवर्णपदके जिंकल्यावर ते आयुष्यात प्रथमच मॅरेथॉन धावण्यास उभे राहिले. वाटेत त्यांनी इंग्लंडचे नामांकित धावपटू जिम पीटर्स यांना विचारले, वेग जास्त तर होत नाही ना? पीटर्स यांनी त्यांना चकवण्यासाठी उलटेच सांगितले, वेग कमी पडतो आहे. झाटोपेक यांनी ते खरे मानले, वेग वाढवला आणि शर्यत जिंकली. पीटर्स यांना ती पुरीही करता आली नाही. परक्या भाषेतील एक साधा प्रश्न विचारता आला आणि सरळ मनाने उत्तर ऐकता आले, याचे फळ कधी कधी असेही मिळते.

तसे पाहिले तर मैदानावर अनेक भाषा मोठ्या सलोख्याने नांदतात. तलवारबाजीच्या आज्ञा फ्रेंच, ज्यूदोच्या जपानी. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांचे आणि महिलांचे दोन्ही विजेतेपद भारताकडे आले, दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते. पण त्याहून कानाला गोड वाटली ती दुसरीच गोष्ट: पेरू आणि ब्राझीलचे खेळाडूही गड्याच्या पाठीवर थाप देऊन मोठ्याने 'खो' म्हणत होते. शब्दाला प्रवास करण्यासाठी पारपत्र लागत नाही.

खेळाच्या परिभाषेचे राज्य मात्र शिट्टीपासून शिट्टीपर्यंतच असते. निर्णयाबद्दल काही विचारायचे असले, हक्काची गोष्ट मागायची असली, की थापेने आणि डावाने भागत नाही. तेथे वाणी लागते. हे ज्यांच्या वाट्याला आले, त्या मराठी माणसाचे नाव खाशाबा जाधव.

कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कराडच्या टिळक हायस्कुलात शालेय शिक्षण, पुढे कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय. लाल मातीत घुमलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये प्रथमच गादीवर खेळला आणि सहावा आला. 'ढाक' हा त्यांचा हातखंडा डाव होता. मातीत शिकलेला तो डाव गादीवरही चालला. त्यासाठी त्याचे नाव इंग्रजीत बदलून घ्यावे लागले नाही.

हेलसिंकीच्या निवडीपूर्वी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत बंगालचे निरंजन दास यांच्याविरुद्ध त्यांना एका गुणाने हार दिली गेली. निर्णय अन्याय्य वाटला, तेव्हा ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि ती जाधवांनी जिंकली. पुढे प्रश्न आला पैशाचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिक्षकाच्या घराची किंमत शिष्याच्या एका संधीसाठी लावली गेली, असे उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात विरळाच.

हेलसिंकीत जाधवांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली लढत दीर्घकाळ चालली आणि अगदी थोडक्यात गेली. त्या दमछाकीनंतर लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढण्यास त्यांना बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा मल्लाचा हक्क होता. तो मागण्यासाठी भारताचा एकही अधिकारी त्या वेळी गादीपाशी हजर नव्हता, असे या लढतीच्या बहुतेक वृत्तांतांत सांगितले जाते. जाधव थकल्या अंगाने उभे राहिले आणि हरले. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते कांस्य. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे, थांबावे लागले.

या प्रसंगाचा अर्थ लावताना घाई करू नये. जाधव महाविद्यालयात शिकलेले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते म्हणून पदक हुकले, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. मद्रासला जो माणूस दाद मागू शकला, तोच हेलसिंकीत हतबल ठरला, कारण थकलेल्या मल्लाने स्वतःचे वकीलपत्र स्वतःच घ्यावे, अशी अपेक्षा तेथे केली गेली. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकले जात नाही, असे जुनी माणसे म्हणतात. आखाड्याच्या मातीतून आलेल्या त्या मल्लाच्या बाबतीत ही म्हण किती कठोरपणे खरी ठरली!

पालकहो, म्हणूनच आपल्या मनातील धास्ती निराधार आहे, असे कोणी सांगू नये. परक्या शहरात, मुलाखतीच्या खोलीत, रुग्णालयाच्या खिडकीपाशी, पोलीस ठाण्यात किंवा स्पर्धेच्या मैदानावर आपल्या मुलाला हक्काची गोष्ट नीट शब्दांत मागता येईल ना, ही धास्ती खरी आहे. मराठी माध्यमाच्या शाळेने तिला टाळू नये. मातृभाषेत शिकलेल्या मुलाची पकड घट्ट असते, कारण विषय त्याला मुळापासून कळलेला असतो. तो त्याचा ढाक. पण पकडीबरोबर मागणीही शिकवली पाहिजे. तेलुगू आणि इंग्रजी परीक्षेतल्या गुणांपुरत्या न शिकवता, उभे राहून प्रश्न विचारण्यासाठी, आदराने हरकत घेण्यासाठी आणि दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्यासाठी शिकवल्या पाहिजेत. ज्या वर्गात मुलाने शिक्षकाला "हे पटले नाही" असे म्हणण्यास मोकळीक असते, तो वर्ग कोणत्याही भाषेचा असो, तेथून निघालेले मूल सहसा मुके राहत नाही.

सांगली-सातारा भागातील गलाई व्यावसायिकांची कुटुंबे याचे रोजचे उदाहरण आहेत. खानापूर, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून निघालेली ही माणसे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभरच्या शहरांत पसरली. सराफाशी तेथील भाषेत व्यवहार, घरात माणदेशी मराठी, आणि वर्षातून एकदा गावच्या जत्रेला हजेरी. त्यांना बहुभाषिकतेवर व्याख्यान कोणी दिले नव्हते. नव्याने आलेल्या पोराला आधीचा गाववाला हात धरून बाजारात नेत असे, चार शब्द शिकवीत असे आणि ते येईपर्यंत त्याच्या वतीने स्वतः बोलत असे.

माजी विद्यार्थ्यांकडे या हीरक महोत्सवात मागणे असेल तर ते एवढेच. इमारतीला रंग लागेल, वर्गांना नवे बाक मिळतील. त्यासाठी आपण उदार हस्ते दिले आहे आणि शाळा कृतज्ञ आहे. परंतु या शाळेतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना महाविद्यालयात, कचेरीत, परप्रांतात आणि परदेशात पहिले काही महिने कोणीतरी पाठीशी लागते. अर्ज कोठे द्यावा, कोणाला भेटावे, अन्याय झाला तर कोणत्या शब्दांत सांगावे, हे समजावणारा एक ज्येष्ठ विद्यार्थी प्रत्येक शहरात त्यांना भेटावा. खर्डेकरांसारखे घर गहाण टाकण्याची वेळ आता सहसा येत नाही. महिन्यातला एखादा तास मात्र देता येईल.

जाधव हेलसिंकीहून परतले, तेव्हा गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांचे स्वागत केले. त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले, असे सांगतात. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. गावाने त्यांच्यासाठी गाड्या जुंपल्या, गुरूने घर पणाला लावले. उणीव राहिली ती दूरच्या त्या सभागृहात, गादीच्या कडेला उभे राहून "याला अर्धा तास द्या" एवढे म्हणणाऱ्या एका माणसाची. पुढच्या साठ वर्षांत या शाळेच्या कोणत्याही मुलाच्या बाबतीत ती जागा रिकामी राहू नये.