भ्रमणध्वनीचा ताळेबंद

गांवांत दूरध्वनि किती आले, हें सांगण्यास शिरगणती पुरे. ते आल्यानें गांवाचें काय झालें, हें मात्र शिरगणतीनें कळत नाहीं. आणि बहुतेक अहवालांची गाडी येथेंच अडते. मनोरे किती उभारले, ग्राहक किती कोटी झाले, ह्या आंकड्यांची रास वाचकापुढें ओतली जाते, व हीच प्रगति असें त्यानें समजावें अशी अपेक्षा असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो ह्यांनीं १९८७ सालीं ह्या वृत्तीला मार्मिक टोला हाणला होता. संगणकाचें युग जिकडेतिकडे दिसतें, फक्त उत्पादकतेच्या आंकड्यांत तेवढें दिसत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मोजमापाची खरी अडचण निराळीच आहे. मोबाइलची कंपनी जेथें आधींच पैसा खेळतो तेथें प्रथम जाते. मग मनोरा असलेलें गांव मनोरा नसलेल्या गांवाहून सधन आढळलें, तर श्रेय मनोऱ्याचें कीं पूर्वीच्या सधनतेचें? जेथें छत्र्या फार विकल्या जातात तेथें पाऊसही फार पडतो, म्हणून छत्रीनेंच पाऊस आणला असें म्हणण्यासारखें तें होईल.

रॉबर्ट जेन्सन ह्या अर्थशास्त्रज्ञानें ही अडचण उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोठ्या चातुर्यानें ओलांडली. तेथील मच्छीमार तारली पकडून पहाटे परतत. किनाऱ्यावरचा बाजार सकाळीं दोन-तीन तासच भरे. मासे सांठवून ठेवण्याची सोय नव्हती, आणि दुसऱ्या किनाऱ्याकडे होडी वळवावी तर इंधन व वेळ दोन्ही खर्चीं पडत. शेजारच्या बाजारांत काय भाव आहे हें समुद्रांतून कळावें तरी कसें? सबब जो तो आपल्याच किनाऱ्यावर माल उतरवी. १४ जानेवारी १९९७ ह्या दिवशीं बडगर, म्हणजे हल्लींचें वडकरा, येथें ११ मच्छीमार गिऱ्हाईक न मिळाल्यामुळें मासे फेंकून देण्याच्या बेतांत होते. आणि त्याच सकाळीं १५ किलोमीटरांच्या आंत २७ गिऱ्हाइकें मासे न मिळाल्यामुळें रिकाम्या हातीं परतण्याच्या बेतांत होतीं. बातमी न पोंचण्याची किंमत ह्याहून स्पष्ट करून दाखवितां येणार नाहीं.

पुढें मोबाइलची सेवा आली ती एकदम नव्हे. १९९७ त कोझिकोड, १९९८ त कण्णूर, २००० त कासरगोड अशी जिल्ह्यामागून जिल्हा ती पसरली, आणि तिच्या लहरी समुद्रांत २०-२५ किलोमीटरपर्यंत पोंचूं लागल्या. जेन्सन ह्यांनीं सप्टेंबर १९९६ पासून मे २००१ पर्यंत १५ किनाऱ्यांवरील ३०० होड्यांची दर मंगळवारची नोंद करविली. ज्या जिल्ह्यांत सेवा अद्याप पोंचलेली नव्हती, तोच तुलनेचा मापदंड झाला.

२००७ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : मासे वायां जाण्याचें प्रमाण शेंकडा ५ ते ८ होतें, तें जवळजवळ नाहींसें झालें, निरनिराळ्या किनाऱ्यांवरचे भाव एकमेकांच्या निकट आले, मच्छीमाराचा नफा सरासरी शेंकडा ८ नें वाढला, आणि घेणाराला मासे शेंकडा ४ नें स्वस्त मिळाले. विकणाराचाही फायदा आणि घेणाराचाही, हें कसें, अशी शंका हिशेबी माणसास येईल. पूर्वीं जें समुद्रांत फेंकलें जात होतें तें आतां ताटांत पडूं लागलें, आणि जेथें टंचाई तेथें होडी वळूं लागली, हें त्याचें उत्तर.

तथापि सर्वच किनारे सारखे नाहींत. केरळांत पुढें चौकशी करणाऱ्या अभ्यासकांस असेही मच्छीमार भेटले, कीं ज्यांनीं लिलाव करणाऱ्या दलालाकडून उचल घेतलेली असते आणि म्हणून मासळीही त्याच्याच हातीं द्यावी लागते. अशा माणसाच्या कानाशीं फोन आला तरी शेजारचा भाव त्याला नुसता ऐकतां येतो, पदरांत पाडून घेतां येत नाहीं. भावाच्या वहींत हें बंधन कोठेंच उमटत नाहीं. तें कळण्यास माणसालाच विचारावें लागतें.

आणि विचारावयाचें कोणाला, हाही प्रश्न लहान नव्हे. २०११ च्या जनगणनेंत प्रश्न कुटुंबाला होता; शेंकडा ६३ कुटुंबांत दूरध्वनि असल्याची नोंद झाली. २०१९ ते २०२१ च्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत खुद्द बायकांनाच विचारण्यांत आलें, कीं तुम्ही स्वतः वापरतां असा मोबाइल तुमच्यापाशीं आहे काय? मोबाइल घरोघर झाल्याचा गाजावाजा तोंवर पुष्कळ होऊन गेला होता. तरी १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींनींच होय म्हटलें. इंटरनेट कधीं तरी वापरलेल्या स्त्रिया शेंकडा ३३ निघाल्या, पुरुष ५७.

शहरांतील शिकल्यासवरल्या घरांतही हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. फोन घरांत असतो खरा. परंतु तो उघडण्याचा आंकडा कोणाला ठाऊक असतो, त्याचे पैसे कोणाच्या खात्यांतून जातात, आणि भर दुपारीं मूल तापानें फणफणलें असतां डॉक्टरांना विचारण्यासाठीं घरांतल्या बाईला यजमान परतण्याची वाट पाहावी लागते काय, हें कुटुंबप्रमुखानें दिलेल्या उत्तरावरून कळत नाहीं.