प्रकार किती, आणि कशासाठी?

सोनोग्राफी विभागातील जागेसाठी मुलाखतीस गेलेल्या उमेदवारास एक प्रश्न ठरलेला असतो: या तपासणीचे प्रकार किती? तो घडाघडा सांगतो, ए, बी, एम आणि डॉप्लर. उत्तर चूक नाही. परंतु आमच्या मते ते अपुरे आहे. हे प्रकार म्हणजे रुग्णाच्या शरीरास विचारावयाचे चार निरनिराळे प्रश्न होत.

प्रतिध्वनी परतण्यास किती वेळ लागला, यावरून ‘ए’ अंतर सांगतो. डोळ्याची लांबी त्याने मोजतात. ‘बी’ प्रतिध्वनींचे ठिपके मांडून अवयवाचा छेद दाखवितो. ‘एम’ एकाच रेषेवरील हालचाल कालक्रमाने टिपतो. स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्‌झ यांनी १९५३ साली हृदयाची हालचाल अशीच टिपली. डॉप्लर रक्ताचा वेग व दिशा सांगतो. मात्र ध्वनीचा झोत प्रवाहाशी काटकोनात पडला, तर वाहते रक्तही थांबल्यासारखे भासते. हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हातून निदान चुकते आणि भोगावे लागते रुग्णास.

पण यंत्रास विचारता येतो, तरी विचारू नये, असाही एक प्रश्न आहे: मुलगा की मुलगी? १९९४ च्या केंद्रीय कायद्याने तो निषिद्ध ठरविला आहे. मुलाखतीत हेही अवश्य विचारावे. चारही प्रकार पाठ, पण येथे उमेदवार घुटमळतो, तर त्याच्या हाती यंत्र न देणेच श्रेयस्कर, असे आम्हांस वाटते.